सरांची मेथी

अरे हसू नका, माझ्यापायी नातीचं काम जाता जाता राहिलं, ते ऐका. आमची पूजा युनिव्हर्सिटीत शिकते अन् तिथंच थोडं काम पण करते. सरांच्या लेक्चरचे व्हिडिओ असतात, त्यातलं बोलणं खाली लिहायचं, म्हंजे ज्या पोरांना ऐकू येत नाय त्यांना वाचता येईल.

एक दिवस मी शेजारीच बसलेलो. व्हिडिओत शिकवता शिकवता सरांनी फोन घेतला, "अगं हो, मेथी आणतो, ओरडू नको!" सगळा वर्ग खदाखदा हसला.

पूजा म्हणली, "आजोबा, हे नाय लिहीत."

मला लिहिता-वाचता येतं सहीपुरतं, पण काड्या करायला शाळा कशाला लागते? म्हणलं, "सगळं लिहायला ठेवलंय ना तुला? मग लिही!" तिनं लिहिलं.

ते बघून सर लय तापले. "काढ ते! नाहीतर उद्यापासून येऊ नको."

पोरगी रडकुंडीला आली. वर्गातल्या एका मुलीला ऐकू येत नाय, तिला पूजानं सगळं लिहून सांगितलं. ती तडक सरांकडं गेली अन् मोबाइलवर लिहून दाखवलं, "काढा सर, पण मग व्हिडिओतला आवाज पण काढून टाका. दरवेळी सगळे हसतात अन् मी विचारत बसते, काय झालं? या टायमाला मी पण हसले."

सरांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणले, "राहू दे."

पूजाचं काम टिकलं. सर मात्र आता फोन घ्यायला वर्गाबाहेर जातात. मजाच घालवली माणसानं!