अकरावा प्रश्न आणि नववा डबा

...आणि तो अकरावा प्रश्न फॉर्मच्या मागच्या बाजूला का छापतात, हे मला कुणीतरी समजावून सांगा. पुढच्या बाजूला दहा प्रश्न, सगळे सरळमार्गी. डबा केवढा, कशाचा, झाकण घट्ट बसतं का, पायवाटेपासून किती पावलांवर, आत खायचं काही ठेवणार का. माणूस खुशीत भरत जातो, पान उलटतो आणि तिथं हा दबा धरून बसलेला. 'उद्यानाच्या हद्दीत आपण यापूर्वी ठेवलेली अन्य कोणतीही वस्तू आहे काय?' आहे किंवा नाही. एका शब्दाचं काम. आणि मी काय लिहिलं? 'नाही'.

तुम्हाला सांगतो, मी खोटारडा माणूस नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. 'खालची ओळ दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, अंदाज ठोकू नका,' हे मी गिऱ्हाइकांना दिवसातून वीस वेळा बजावतो. आणि मीच...

थांबा, डबा कसला ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी काहीतरी भलतंच दडवून ठेवलंय. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. म्हणजे काय, तर एकानं रानावनात, बागेत कुठंतरी डबा लपवायचा, जागेचे आकडे नेटवर टाकायचे, आणि दुसऱ्यांनी मोबाईलवरचा बाण बघत बघत तो हुडकायचा. आत वही असते, वहीत आपलं नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तिथं परत ठेवायचा आणि घरी यायचं. मिळतं काय? काही नाही. माझी बायको हेच विचारते, आणि मी इतकी वर्षं तिला नीट उत्तर देऊ शकलेलो नाही.

तर आमची मंडळी आहेत पंधरा-वीस. अध्यक्ष मोजणीवाले काका, जमीन मोजणीच्या खात्यातून रिटायर झालेले, अजूनही चहाचा कप ठेवताना टेबलाची कड बघून ठेवतात. आणि सेक्रेटरी मी. आमच्या सगळ्यांचा जीव जडलेली जागा म्हणजे गावाबाहेरचं ते संरक्षित उद्यान. झाडी, तळं, पक्षी. पण चार वर्षांपूर्वी कुणी एका अतिशहाण्यानं तिथं चक्क फावड्यानं खड्डा खणून डबा पुरला, मुळं तोडली, आणि उद्यानाच्या अधिकारी मॅडमनी एका सहीनं सगळ्यांचेच डबे बंद केले. त्यांचं तरी काय चुकलं? त्या म्हणाल्या, 'तुमचं ते यंत्र सरळ रेषेत बोट दाखवतं. वाट वळून जाते, पण तुमची माणसं वळत नाहीत. दहा जण गेले की गवत मोडतं, पन्नास गेले की नवी वाट पडते, आणि त्या वाटेवर जे उगवायचं असतं ते उगवत नाही.'

दोन वर्षं काका पत्रं लिहीत होते. दोन वर्षं! शेवटी मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, आठ डबे, सगळे वाटेच्या कडेला, मी स्वतः फिरून बघेन. पण अट एकच. बिनपरवानगीचा एक जरी डबा निघाला, तर आठही बाहेर, आणि पुन्हा अर्ज आणायचा नाही. काकांना त्या दिवशी भरून आलं होतं हो. फॉर्म त्यांनी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. म्हणाले, 'तुमचं अक्षर बारीक आणि सुबक आहे, तुम्हीच भरा.' भरला. आणि अकराव्या प्रश्नाला मी काय लिहिलं? 'नाही'.

कारण होता ना एक. नववा.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा तिथं ना दोरी होती ना पाटी. माझी मुलगी सात वर्षांची. मी तेव्हा नुकतंच ते बाण दाखवणारं हातात धरायचं यंत्र घेतलं होतं, आणि तिनं हट्ट धरला, बाबा, आपलाही एक डबा लपवू या, फक्त आपल्या दोघांचा. निघताना घरातला हाताला आला तो घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा उचलला, वही घातली, आणि तळ्यामागच्या एका म्हाताऱ्या झाडाच्या मुळांच्या बेचक्यात सारून वर दगड ठेवला. नेटवर टाकला नाही, कुणाला बोललो नाही. पुढे मुलगी मोठी झाली, शिकली, नोकरीला लांब परदेशात गेली. मी मात्र दर महिन्याला एक चक्कर मारायचो. डबा उघडायचा, तिचं ते सातव्या वर्षीचं अक्षर बघायचं, झाकण लावायचं. लाज कसली, सांगतो. मला तिची आठवण यायची. फोनवर ती घाईत असते, डब्यात ती घाईत नसायची.

मग तीन वर्षांपूर्वी तो तळ्यामागचा भाग पक्ष्यांच्या घरट्यांसाठी राखीव झाला. तरी मी जातच राहिलो. आणि यंदा पोरीचा फोन आला, 'बाबा, पुढच्या महिन्यात पंधरा दिवस येतेय. आपला डबा आहे ना रे अजून? आल्या आल्या आधी तिथं.' आता मला सांगा, फॉर्मवर 'आहे' लिहिलं असतं तर डबा त्याच दिवशी जप्त. 'नाही' लिहिलं तर निदान एक महिना हातात. म्हणून लिहिलं. म्हटलं, कोण बघतंय?

कोण बघतंय म्हटलं, आणि दुसऱ्या आठवड्यात मॅडमच माझ्या दुकानात. नंबर तपासायला.

त्यांना खुर्चीवर बसवलं, अक्षरांचा तक्ता लावला. लांबचं अंधुक, जवळचं त्याहून अंधुक. मी मनातल्या मनात खूश! म्हटलं, अशा डोळ्यांना झाडाच्या मुळातला दगड काय दिसणार? पण मग लक्षात आलं, चष्मा मलाच करायचाय. वर लांबचं, खाली जवळचं, दोन्ही नंबरांचा. धंद्याशी बेइमानी करता येईना, चष्मा केला, अगदी मन लावून केला, विशेषतः जवळचा भाग. पण द्यायला मात्र टाळाटाळ करायला लागलो. त्यांचा फोन आला की 'लेन्स आली नाही.' पुन्हा फोन, 'लेन्स आली, पण फ्रेमचा स्क्रू.' म्हटलं, उद्यानातल्या डब्यांच्या तपासणीचा रविवार टळू दे, सोमवारी नेऊन देतो. बुधवारी मी जेवायला घरी गेलो, बायको गल्ल्यावर, मॅडम आल्या आणि हिनं कपाट उघडलं. 'अहो, हा काय, आठवडाभर तयारच आहे. यांना ना काही लक्षातच राहत नाही.' आणि वर रुमालानं पुसून दिला.

तीन दिवस मला झोप नाही. शनिवारी डबा काढून आणावा म्हणून गेलो, तर उद्यानाच्या गार्डनं राखीव भागाला नवी दोरी बांधलेली आणि तो स्वतः तिथंच स्टूल टाकून बसलेला. 'काय साहेब, आज दुकान बंद?' म्हटलं, हो, सहज आलो होतो, हवा खायला. हवा खाऊन परत आलो.

रविवारी सकाळी आठ वाजता फाटकावर आम्ही चौघं. मॅडम, गार्ड, मोजणीवाले काका आणि मी. मॅडमच्या डोळ्यांवर माझा चष्मा. काय बसला होता हो नाकावर! दुसऱ्या कुणाचा असता तर मी चारचौघांना दाखवला असता.

पहिला डबा, ठीक. दुसरा, ठीक. मॅडम वाकून बघायच्या, काका कापडी पट्टी लावून वाटेपासूनचं अंतर मोजायचे, गार्ड कागदावर खूण करायचा. मी मात्र पुढंच बघतोय. कारण पाचव्या आणि सहाव्या डब्याच्या मध्ये तळं लागतं आणि तळ्यावरून ते झाड दिसतं. तिसरा, ठीक. चौथ्यापाशी काका मला हळूच म्हणाले, 'घाम का आलाय तुम्हाला? थंडी आहे.' पाचवा, ठीक. मी चालीचा वेग वाढवला, म्हटलं, 'चला चला, सहावा एकदम छान ठिकाणी आहे.' आणि मागून पावलं थांबली.

मॅडम उभ्या. दोरीपलीकडे बघताहेत.

'ही वाट कसली?'

मी बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, खरं सांगतो. दोरीच्या खालून एक बारीकशी पायवाट निघाली होती, गवतातून नीट, काटेरी झुडपाला वळसा घालून थेट त्या झाडाकडे. इतकी रुळलेली, की आंधळ्यानं चालावं. काका कौतुकानं म्हणाले, 'जनावराची असेल.' गार्ड खाली बसला, बोटानं माती चाचपली आणि म्हणाला, 'जनावर नाही. माणूस आहे, आणि एकच माणूस. उजव्या पायाची टाच झिजलेली.' आणि चौघांनीही खाली बघितलं. म्हणजे तिघांनी माझ्या बुटांकडे, आणि मीही माझ्या बुटांकडेच.

अठरा वर्षं, महिन्याला एक चक्कर. पन्नास माणसं नवी वाट पाडतात म्हणून मी सभेत भाषण दिलं होतं हो, मोजणीवाल्या काकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि इथं मी एकट्यानं पाडली होती.

काकांनी पट्टी गुंडाळली, खिशात घातली. ती पट्टी खिशात जाताना मला जे वाटलं ते मी कुणाला सांगणार नाही. दोन वर्षांची पत्रं होती त्या माणसाची.

मी म्हटलं, 'मॅडम, माझा आहे. त्या मुळात एक डबा आहे. यांना कुणाला ठाऊक नाही. शिक्षा मला करा, आठ डबे यांचे आहेत.' मॅडमनी गार्डला खूण केली. तो आवाज न करता गेला, दगड सरकवला, डबा घेऊन आला. मॅडमनी उघडला. पहिलं पान, माझ्या मुलीचं. त्यांनी ते वाचलं, जरा हसल्या, आणि वही उलटी करून शेवटचं पान माझ्यासमोर धरलं.

शेवटच्या पानावर तारखा. 'डबा पाहिला. कोरडा आहे. गार्ड.' खाली दुसरी तारीख, 'पाहिला. मुळाला इजा नाही. गार्ड.' त्याखाली ठसठशीत सही, मॅडमची. तीन वर्षांच्या सगळ्या नोंदी! मी दर महिन्याला पहिलं पान बघून झाकण लावत होतो, शेवटचं पान मी कधी उघडलंच नव्हतं.

'म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?'

'क्षेत्र राखीव केलं तेव्हाच सापडला. मुलीचं अक्षर बघितलं, म्हटलं, कुणा बापाचा असेल, राहू दे. हद्द ठरण्याआधीचा डबा फॉर्मवर दाखवला की नियमात बसवता येतो, त्यासाठीच तर तो प्रश्न आहे. तुमच्याच मंडळींपैकी कुणाचा तरी असणार, म्हणून मी फॉर्मवरच्या 'आहे'ची वाट बघत होते.' मग चष्म्याला बोट लावलं. 'फॉर्म मला वाचताच येत नव्हता, फार बारीक अक्षर आहे तुमचं. बुधवारी चष्मा मिळाला, रात्री वाचला. जवळचं फार सुरेख दिसतं, बरं का.'

आणि मी काय लिहिलं होतं? 'नाही'.

माझी मान वर होईना. मॅडमनी पिशवीतून कोरा फॉर्म काढला आणि म्हणाल्या, 'मागची बाजू. आत्ता, इथं.' दगडावर कागद ठेवून मी लिहिलं, 'आहे'. एवढं मोठं लिहिलं की रकान्याबाहेर गेलं. मग त्यांनी निकाल सांगितला. आठ डबे मंजूर. नववाही मंजूर, पण तिथं नाही. फाटकाजवळच्या बाकाखाली, गार्डच्या खिडकीसमोर, कारण पुढच्या महिन्यात पक्षी अंड्यांवर बसतात आणि मुलगी कुणाचीही असो, दोरीच्या आत सोडता येत नाही. आणि ती पायवाट मी स्वतः मिटवायची. दर रविवारी दोरीपाशी वाळक्या फांद्या आणून द्यायच्या, त्या आत टाकणार गार्ड, गवत पुन्हा उगवेपर्यंत. काकांनी पट्टी पुन्हा खिशातून काढली आणि सहाव्या डब्याकडे निघाले. माझ्याशी नवव्या दिवशी बोलले.

मुलगी आली. आम्ही तिघं गेलो, बायकोही, म्हणाली बघू तरी काय असतं ते. बाकाखाली हात घातला, दोन मिनिटांत डबा. पोरीनं पहिलं पान उघडलं आणि रडायलाच लागली. अठरा वर्षांत इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. आणि तेवढ्यात बायकोनं खांद्यावरून वाकून पान मोठ्यानं वाचलं. 'हा डबा माझा आणि बाबाचा आहे. आईला सांगायचं नाही.'

मग तिनं डबा हातात घेतला. उलटा केला. बुडावर तिचं नाव कोरलेलं.

'हा माझा डबा आहे.'

तुम्हाला सांगतो, अठरा वर्षं ही बाई आपल्या सख्ख्या बहिणीला डबाचोर म्हणत होती. लग्नकार्यातलंसुद्धा बोलणं तुटलं होतं. मी समोर बसून माना डोलावत होतो. ती शांतपणे माझ्याकडे वळली आणि म्हणाली, 'अहो, माझ्या स्वयंपाकघरातून नेलेलं अजून काही आहे का या बागेत?'

आहे किंवा नाही. एका शब्दाचं काम. मी शिकलो होतो, माणूस शिकतो. त्या मंजूर आठांपैकी तीन डब्यांची झाकणं माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि मी म्हटलं, 'आहे'.

येत्या रविवारी पुन्हा तपासणी आहे. या वेळी मॅडम येणार नाहीत, बायको येणार आहे. आणि तिला अजून चष्मा लागलेला नाही.