उताणं कासव

नाही नाही, पाठीवर नाही — तसं लिहिलंत? खोडा ते. तुमच्याकडचं कासव पाठीवर डोंगर घेतं, आमचं मंगोलांचं उताणं पडलंय, पोटावर घेतं. सोन्याचं, समुद्राएवढं. देवानं लोखंडी बाण मारला, ते उलटं झालं, मग त्याच्या पोटावर ही माती पसरली — गवत, मेंढ्या, तुम्ही, मी, सगळे तिथंच. बाण अजून आतच आहे. त्याला दुखतं, ते पाय हलवतं, भुई हलते. चहा घ्या ना, निवेल. माझी वाटी? राहू द्या. सून मला ओतत नाही — चार वर्षं झाली — मी उठून घेतो, काही अडत नाही माझं.

कुठे होतो? हां, लोखंड. कासवाला लोखंडाची आठवण आहे. म्हणून भुई हलली की कुदळ लावायची नाही, चारी दिशांना दूध शिंपडायचं आणि ते निजेपर्यंत थांबायचं. हे मला वडिलांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. या खोऱ्यात काय करायचं, काय नाही, सगळे मलाच विचारायचे. आता नाही विचारत.

मुलगा मात्र ऐकायचा नाही. सोद्नोम. त्या हिवाळ्यात बर्फानं मेंढ्या गेल्या, दोनशेतल्या अकरा राहिल्या, मग तो सोनं खणायला लागला. पाठीवर हिरवं प्लास्टिकचं घमेलं बांधून निघायचा. मी म्हणायचो, अरे, तूच कासव दिसतोस. हसायचा. म्हणायचा, बाबा, तुमच्या कासवाला गुदगुल्या करून येतो.

तर त्या सकाळी भुई हलली. फार नाही — वाटीतला चहा सांडेल इतकी. त्याचा खड्डा ढासळला, तो आत. पाच शेजारी फावडी घेऊन धावले. आणि मी — हे लिहू नका — मी आडवा आलो. पालथाच पडलो त्या मातीवर, म्हटलं, आधी दूध. थांबले बिचारे, माझं ऐकायचे ना तेव्हा. कान लावला तर आतून ठोके येत होते. तीन ठोके, मग गप्प. पुन्हा तीन. मी म्हटलं, कासवाचं काळीज धडधडतंय, घाबरलंय ते, कुणी लोखंड लावू नका. सून माझ्या पाया पडली. म्हणाली, बाबा, ते बोलावतायत. मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं.

दुपारी ठोके थांबले. मग मी उठलो, गुडघे झटकले आणि म्हणालो, निजलं ते, आता खणा. जेमतेम तीन हात खणलं असेल. अंग गरम होतं हो अजून. मुठीत दगड होता.

लहान होता तेव्हा मीच शिकवलं होतं — वादळात वाट चुकलास तर किटलीवर तीन ठोके दे, मी येतो. एकदा आलोही होतो. त्या दिवशी मला ते आठवलंच नाही. नाही — आठवलं होतं. दुसऱ्या खेपेलाच आठवलं. पण तोवर सगळ्यांसमोर ते कासवच आहे असं म्हणून बसलो होतो.

वही मिटा आता. चहा झाला असेल तर निघा, ऊन आहे तोवर नदी ओलांडाल. आणि वाटी तिच्या हातात द्या, माझ्या नको.