स्टुलावरची आंघोळ

अरे, बाबांनी माझ्या जर्मन साहेबाला आंघोळ शिकवली, ते सांगितलं का तुम्हाला? दोन हजार पंधराच्या सुमारास मी जर्मनीत, नेकारसुल्मच्या एका कारखान्यात होतो. साहेब क्वालिटीचा हेड, माझा एकही रिपोर्ट पहिल्या फटक्यात पास करायचा नाही. बाबा साताऱ्याहून आलेत कळल्यावर त्यानं आम्हाला तिथल्याच एका जपानी गोल्फ रिसॉर्टवर नेलं. खेळ झाल्यावर गरम झऱ्याच्या कुंडाकडे जाताना मी बाबांना बजावलं, "इथे नियम असतात हं, माझी लाज राखा."

साहेब थेट पाण्यात उतरला. बाबांनी मात्र भिंतीजवळचं बुटकं स्टूल ओढलं, लाकडी बादली भरली आणि 'हर हर गंगे' म्हणत अंग चोळायला घेतलं. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात जपानी मॅनेजर धावत आला. त्यानं अदबीनं साहेबालाच बाहेर काढलं आणि बाबांकडे हात करून म्हणाला, "आधी यांच्यासारखं स्वच्छ व्हायचं, मगच कुंडात."

साहेब गुपचूप बाबांशेजारी बसला. बाबांनी त्याला न्याहाळलं. "सांग त्याला, कानामागे राहिलंय."

मी शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगितला. साहेबानं "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणत कान घासले, बाबांना वळून दाखवले, आणि बाबांनी पास केल्यावरच पाण्यात उतरला.