वच्छलाबाईचा रोल

दीपा : चाचा, आमच्या याईले एवढंच सांगा का रोल धुवाची दवाई खराब निघाली. तुमच्यावर ते रागावणार नाही.

शब्बीरचाचा : वा बेटा! चाळीस साल झाले आर्णीत स्टुडिओ चालवून राह्यलो, एकाचा रोल खराब नाही केला. आता कायले माही दवाई बदनाम करतं? रोल धुऊन होईस्तोवर झालं काय ते सांग पहिले.

दीपा : कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं मी. परवा.

शब्बीरचाचा : या अल्ला! रोल आत असताना?

दीपा : हाव. रविवारी आत्याबाईले जाऊन साल होते. घरी पुण्यानुमोदन ठेवलं हाये. म्हटलं, हार ज्या फोटोले घालाचा, तो सासूचा फोटो कसा आला ते तरी पाहू. उघडलं तं आत नुसती पट्टी. घाबरून लगेच लावलं.

शब्बीरचाचा : अन् तुह्या नवऱ्याले, धम्मरत्नले, सांगतलं का?

दीपा : नाही सांगतलं. संध्याकाळी त्याईनं रोल गुंडाळला, माह्याच हाती देल्ला अन् गेले पुसदच्या फेरीवर. तवापासून घास उतरत नाही मले.

शब्बीरचाचा : मोबाईलमंदी एकबी नाही वच्छलाबाईचा?

दीपा : मोबाईल समोर धरला का तोंडावर पदर! म्हणत, तो फोटो गावभर फिरते, हा डब्यात रायते. म्हणून यांच्या कॅमेऱ्यासमोर बसल्या. आधार कार्डावरचा हाये, पण त्यात चोरावानी दिसते.

शब्बीरचाचा : अन् त्या पागलानं सालभर रोल धुवाले आणला नाही!

दीपा : भरल्याबिगर धुवाचा नाही म्हणते. एक फोटो काढाले अर्धा घंटा. कोणी विचारलं, नवरा काय करते, तं मी सांगते, एसटीत कंडक्टर हाये, अन् उरलेल्या टाईमात फोटोची वाट पाह्यते.

शब्बीरचाचा : शौक हाये बेटा. बरं, रोल पुरा भरल्यावर उघडलं का आधी?

दीपा : भरला होता. गुंडाळाचा बाकी होता.

शब्बीरचाचा : अन् सासूचे फोटो पहिले काढले का मागून?

दीपा : पहिलेच. नवा रोल टाकला अन् त्याईलेच बसवलं.

शब्बीरचाचा : मंग रडू नको. पहिले काढलेले आत गुंडाळल्या जाते, मागून काढलेले वर. पत्ताकोबीचे वरचे पानं सडले तरी आतले बरे रायते. झालं धुऊन. ये इकडं.

(शब्बीरचाचा ओली फिल्म चिमट्याला लावून खिडकीच्या उजेडात धरतात.)

दीपा : हे तं सगळं काळं हाये, चाचा!

शब्बीरचाचा : हे शेवटचं टोक. हे अकरा फोटो उजेडानं खाल्ले. खाली पाह्य. अजून खाली. हात नको लावू, ओली हाये.

दीपा : आत्याबाई! चाचा, आत्याबाई हाये! पण केसं काळे काहून?

शब्बीरचाचा : निगेटिव्ह हाये, उलटंच दिसते. पांढरे होते म्हणून काळे.

दीपा : हासून राह्यल्या वं माय! पदर नाही, काही नाही. छातीवरचा गोटा उतरला, चाचा.

शब्बीरचाचा : घे, पाणी पे. तो पाह्य, आलाच तुहा नवरा.

धम्मरत्न : सलाम चाचा. निंघाली का माय?

शब्बीरचाचा : साफ निंघाली. चारही फोटो.

धम्मरत्न : बसू द्या जरासं. आज गाडीत दोन खेपा चुकीचं तिकीट देल्लं मी. ध्यानच नव्हतं.

दीपा : अहो, झाकण म्या उघडलं होतं. शेवटचे अकरा फोटो गेले. भेवानं सांगतलं नाही.

धम्मरत्न : माय हाये ना? मंग जाऊ दे.

दीपा : रागवा ना जरा. मले बरं वाटीन.

धम्मरत्न : कोण्या तोंडानं रागावू? सालभर मीच धुवाले टाकला नाही. पण ते अकरा... ते सगळे तुहे होते.

दीपा : माहे? कवा काढले?

धम्मरत्न : मशीनवर शिवताना. गच्चीवर केसं वाळवताना. पोरीची वेणी घालताना. सांगतलं असतं तं तू ताठ बसली असती.

शब्बीरचाचा : एक नवा रोल पडला हाये माह्याकडे. कॅमेऱ्यात टाकून देऊ का?

दीपा : टाका, चाचा. अन् तुम्ही... आता सांगून काढा.