नवी चिप बसत नाही

लोटू : पण तूच सांगेल होतं ना वाल्मिकभाऊ? ‘आता स्वस्तातल्या चिपचा कॉम्प्युटर घ्या, धंदा वाढला की नुसती चिप बदलून देतो.’ मग दे ना बदलून! बाहेर रिक्षात मशीन आणेल आहे.

वाल्मिक : बसतच नाही, लोटूभाऊ. हे बघा. तुमच्यासारखाच हा बोर्ड, त्यावर ही चौकोनी खाच. आणि नवी चिप ही अशी, कॅसेटसारखी उभी. कंपनीने आकारच बदलून टाकला.

लोटू : मग बोर्डबी बदल.

वाल्मिक : बोर्ड बदलला की मेमरी बदला, डबा बदला. म्हणजे नवंच मशीन झालं.

लोटू : आन् मी काय करू? साड्यांच्या डिझाईनचं नवं सॉफ्टवेअर टाकलं की मशीन नुसतं घड्याळ दाखवत बसतं. पर्वत पाटिया भागातला साडीवाला शेठ म्हणतो, सोमवारी डिझाईन नाही आलं तर काम दुसऱ्याला. कारखान्यातली सांच्यावरची, लूमवरची नोकरी सोडेल आहे मी, तुझ्या शब्दावर. घरी पुष्पाला काय सांगू?

गायत्री : हळू बोला ना, लोटूभाऊ. दुकानात गिऱ्हाईक येतं-जातं.

वाल्मिक : बोलू दे त्यांना, गायत्री. अक्कल माझीच. मला वाटलं, मोठ्या कंपन्या महागडी चिप घालून विकतात, आपण हलकी घालून विकू. गिऱ्हाइकाचा धंदा वाढेल तसं त्याचं मशीन वाढेल, आणि दर वेळी तो आपल्याच दारात येईल. अख्ख्या सुरतेत आपल्या नावाची मशीन दिसतील म्हणत होतो. आता माळाभर जुने बोर्ड पडलेत.

गायत्री : म्हणून तर सांगतेय, ते आधी खपवा. बारडोलीच्या क्लासवाल्या आनंदा सरांचा आज फोन येणार. दहा मशीनची ऑर्डर आहे. त्यांना यातलं काही माहीत नाही.

वाल्मिक : आणि कळल्यावर?

गायत्री : तोवर आपण तग धरू. दुकानच बंद झालं तर लोटूभाऊंना तरी काय देणार तुम्ही? मला काय खोटं बोलायची हौस आहे? दुसरं काही सुचत असेल तर सांगा.

वाल्मिक : नाही सुचत.

(फोन वाजतो.)

वाल्मिक : हॅलो... हो सर, वाल्मिकच बोलतोय... हो, दहा तयार होतील... काय म्हणालात? पुढच्या वर्षी चिप बदलून...

गायत्री : हो म्हणा. अहो, हो म्हणा.

वाल्मिक : सर... नाही. ते आता नाही होणार. नव्या चिपा या बोर्डात बसत नाहीत... हो, मीच म्हणालो होतो. शिकवण्यापुरतं मशीन चालेल, पण पुढे वाढणार नाही... नव्या बोर्डाचं तुमच्या भावात नाही जमत... बरं सर. बघा दुसरीकडे.

गायत्री : गेली?

वाल्मिक : गेली.

लोटू : अरे भो, मला सांगितलं तेवढं पुरे होतं. त्याला कशाला?

वाल्मिक : तुम्ही समोर उभे होतात. तोंडातून ‘हो’ निघेचना.

लोटू : जातो मी. कारखान्यात मुकादमाला भेटून बघतो, परत घेतो का ते.

गायत्री : थांबा. सरांच्या ऑर्डरसाठी मेमरी आणून ठेवली होती, ती तुमच्या मशीनमध्ये घालते. आता कुणासाठी ठेवायची?

लोटू : त्यानं चालंल?

गायत्री : चालेल. हळू चालेल.

लोटू : सोमवारपर्यंत एक डिझाईन तरी निघंल?

वाल्मिक : एखादं निघेल. बघू. रिक्षा सोडून द्या, लोटूभाऊ, आणि मशीन आत आणा.