सगुणाबाईची खिडकी

आता कोणीही घराचं तोंड हवं तसं बदलतो हो, पण इंग्रजांच्या काळी गोंदियाच्या आमच्या जुन्या बाजारओळीत रस्त्याकडची एक वीट हलवायची तरी म्युनिसिपल कमेटीची परवानगी लागायची. मी कमेटीत कारकून होतो.

एकदा रामाजी शिंप्याचा अर्ज आला. त्याला घराची दर्शनी खिडकी दीड हात खाली घ्यायची होती. कारण लिहिलं होतं, 'उजेडासाठी'. आमचे अध्यक्ष शिस्तीचे. म्हणाले, "ओळीतल्या सगळ्या खिडक्या एका रेषेत आहेत. एक खाली गेली की शोभा गेली!" तरी रीत म्हणून मला घेऊन पाहणीला आले.

आत खिडकीसमोर खाटेवर रामाजीची बायको सगुणाबाई पडून होती. कमरेखालचं अंग लुळं पडून वर्ष झालं होतं.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, उजेड तर भरपूर आहे. मग खिडकी खाली कशाला?"

"इथून नुसतं आभाळ दिसते, साहेब."

"बाजार पाहायचाय का?"

"बाजार कायले पाहू? ह्यायचं दुकान समोर हाये. दिवसभर एकटे शिवून राहातेत. तेवढे दिसले म्हंजे झालं."

रामाजी दारात उभा होता. तो लाजून जमिनीकडे पाहू लागला.

अध्यक्ष पुढे झाले. खाटेजवळ उकिडवे बसले, उशीशेजारी डोकं नेऊन खिडकीखालच्या भिंतीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले,

"दीड हातात नुसतं दुकानाचं छप्पर दिसेल. दोन हात लिही."