आमटीत पाल पडली तेव्हा

या मंडळी, जवळ सरकून बसा. डिंगोऱ्याच्या सप्त्यात काल्याचं कीर्तन रंगलं होतं. मी माईकवाल्या इब्राहिमभाईंच्या टेबलामागं बसलो होतो. तेवढ्यात पंगतीचे प्रमुख भागुजी धापा टाकत आले.

"इब्राहिमभाई, आमटीच्या कढईत पाल पडली!"

"कुणी चाखली का?"

"न्हाई. गुपचूप ओतून देतो. बोलू नका कुणाला."

"एवढी आमटी गुपचूप ओतणार? कुणीतरी बघंलच, आन् घडीभरात मोबाईलवर फिरंल, डिंगोऱ्यात इषबाधा म्हणून. हा घ्या माईक, तुमीच सांगा."

"लोकं उपाशी उठून गेली तर? गावाची लाज जाईल राव!"

"खरं सांगा, भाऊ. बुवा थांबतील."

बुवा थांबले. भागुजींनी घसा खाकरला.

"माऊली, आमटीत पाल पडली. कुणाच्या पोटात थेंब गेला न्हाई. ती ओततोय. नवी व्हायला तासभर लागंल. माफी करा."

मग बायकांतून द्रौपदाबाई ओरडल्या, "माफी काय मागतो? माझ्या घरी मसाला वाटलेला हाये, चल घेऊन येऊ!"

"आमच्यातला बी न्या!" शेजारची बाई म्हणाली.

बुवा हसले. "मला तर तासभर वाढवून मिळाला. वाजवा रं टाळ!"

कुणीच उठलं नाही. मंडळी, सप्त्यात आमटी वरपाल तेव्हा इब्राहिमभाईंची आठवण ठेवा.